एक शब्द, अनेक खाती : आकडेवारीतील व्याख्यांचा हिशेब

आमच्या प्रतिनिधीकडून

आजरा - कर्नाटकातून आलेल्या रानटी हत्तींनी आजरा आणि चंदगड तालुक्यांत ये-जा सुरू केली त्याला आता दोन दशके उलटली. हत्ती वा गवा रात्रीतून उसात किंवा भातात शिरला, की दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो. त्यासाठी साधारणतः वन, महसूल आणि कृषी अशा तीन खात्यांचे कर्मचारी एकाच बांधावर उभे राहतात. पीक एकच, नुकसान एकच. मात्र तिघांच्या दप्तरांत त्या शेताची ओळख तीन प्रकारे असते. महसूल खात्याच्या लेखी तो गट क्रमांक आणि त्यावरील खातेदार असतो. कृषी खाते तेथे पिकाखालील क्षेत्र पाहते. वनखात्याला तेवढेच पाहायचे असते, की ही जमीन वनहद्दीच्या आत आहे की बाहेर. ज्याने खंडाने जमीन कसली त्याचे नाव या तिन्हींपैकी एकाही रकान्यात बहुधा नसते.

संगणकाच्या जगात या अडचणीला गेली काही वर्षे एक नाव मिळाले आहे, आणि तिच्यावरील उपायालाही. उपायाचे नाव आहे 'सिमँटिक लेअर', म्हणजे माहितीचा अर्थस्तर. मोठ्या कंपन्यांच्या विक्री आणि हिशेब विभागांसाठी ही कल्पना जन्माला आली. 'ग्राहक' म्हणजे कोण, 'विक्री' नेमकी केव्हा झाली असे समजायचे, यावर एकाच कंपनीतील दोन विभागांचे एकमत होत नाही. विक्री विभाग मागणी नोंदली की विक्री झाली असे मानतो. हिशेब विभाग बिल निघेपर्यंत थांबतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि महिनाअखेरच्या बैठकीत दोघांचे आकडे भांडतात. हाच प्रकार शासनात होतो, तेव्हा बैठकीऐवजी एखाद्याचे अनुदान अडकते.

एका चुलीची किती कुटुंबे?

'कुटुंब' हा शब्द घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, पण आजरा तालुक्यातील कोणत्याही वाडीत सापडेल असे. वडील वारले आहेत. आई साठीची. थोरला मुलगा, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी राहतात. धाकटा चोवीस वर्षांचा, अविवाहित, नोकरीनिमित्त मुंबईत. एक बहीण लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली. वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली आणि सातबारावर आई, दोन मुलगे व मुलगी अशी चार नावे सामाईक लागली. घरात चूल एक, रेशनकार्ड एक.

जनगणनेच्या दृष्टीने हे एकच कुटुंब आहे, कारण तेथे निकष सामाईक स्वयंपाकघराचा आहे. एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. धाकटा मात्र त्यात धरला जाणार नाही. तो नेहमी राहतो तेथे, म्हणजे मुंबईत मोजला जाईल. रेशनकार्डावर त्याचे नाव कायम असेल, तर पुरवठा खात्याच्या कुटुंबात तो आहे. चूल तीच, पण डोकी एकाने वेगळी.

आता पीएम-किसान योजना. २०१९ साली सुरू झालेल्या आणि वर्षाला तीन हप्त्यांत ६ हजार रुपये देणाऱ्या या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. या व्याख्येने आई हे एक कुटुंब, थोरला, त्याची बायको व मुलगी हे दुसरे, धाकटा हे तिसरे. त्याच सातबारावरची बहीण आपल्या सासरच्या कुटुंबात गणली जाते. धाकटा प्राप्तिकर भरत असेल तर तो अपात्र ठरतो आणि तीनची दोन कुटुंबे होतात.

२०२४ च्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. येथे 'अज्ञान'च्या जागी 'अविवाहित' हा शब्द आला आणि हिशेब पुन्हा बदलला. चोवीस वर्षांचा धाकटा आता आईच्या कुटुंबात परत येतो. कुटुंबे दोन. उत्पन्नाची मर्यादा या कुटुंबाला लावायची, परंतु उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळे अथवा केशरी रेशनकार्ड चालते, आणि ते कार्ड तर चुलीवरच्या कुटुंबाचे. एका व्याख्येच्या कुटुंबाची पात्रता दुसऱ्या व्याख्येच्या कुटुंबाच्या कागदावरून ठरते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथा प्रसंग अधिक गंभीर. उचंगी, आंबेओहोळ, सर्फनाला ही प्रकल्पांची नावे आजरा तालुक्यात पुनर्वसनाच्या प्रश्नामुळे घरोघरी माहीत झालेली आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या आणखी निराळी आहे. पती-पत्नी, अज्ञान मुले व अवलंबून असलेली अज्ञान भावंडे मिळून एक कुटुंब. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्री हे स्वतंत्र कुटुंब. आणि सज्ञान व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, विवाहित असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब. या नियमाने आमच्या उदाहरणातील आईला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा मिळतो, तो ती विधवा आहे म्हणून. पीएम-किसानमध्येही ती स्वतंत्र होती, पण मुले सज्ञान झाली म्हणून. उत्तर जुळले तरी कारण जुळत नाही, आणि अशा जुळलेल्या उत्तरांवर विसंबून दोन याद्या एकमेकींना जोडल्या, की चुका सुरू होतात.

यांपैकी कोणतीही व्याख्या चुकीची नाही, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. धान्य वाटायचे तर चूल मोजणे योग्य. घर पाण्याखाली जाणार असेल तर सज्ञान मुलाला स्वतंत्र मोजणेच न्याय्य. 'सगळ्या खात्यांनी एकच व्याख्या करावी' ही सूचना परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. ती अमलात आली तर कोणाचा ना कोणाचा हक्क कमी होईल.

शेतकरी : ९ कोटी, ११ कोटी की १४ कोटी?

कुटुंबाचे जे झाले तेच 'शेतकरी' या शब्दाचे. २०११ च्या जनगणनेत देशात ११ कोटी ८८ लाख शेतकरी नोंदले गेले. २०१५-१६ च्या कृषी गणनेत १४ कोटी ६५ लाख वहिती खातेदार आढळले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ च्या फेरीत शेतकरी कुटुंबे ९ कोटी ३० लाख निघाली. वर्षे वेगळी असली तरी एवढा फरक वर्षांमुळे पडलेला नाही. जनगणना माणसे मोजते : स्वतःची, सरकारची किंवा दुसऱ्याची खंडाने वा वाट्याने घेतलेली जमीन जो कसतो तो शेतकरी. कृषी गणना एक घटक म्हणून वहीत असलेली जमीन मोजते, मालकी कोणाची याच्याशी तिला कर्तव्य नाही. नमुना पाहणी कुटुंब मोजते. त्यासाठी २०१९ मध्ये वर्षभरात शेती व पूरक व्यवसायातून ४ हजार रुपयांहून अधिक मूल्याचे उत्पादन आणि किमान एक सदस्य शेतीत स्वयंरोजगारी, अशी अट होती. २०१३ च्या फेरीत हीच रक्कम ३ हजार होती. २००३ मध्ये तर जमीन असणे ही अटच होती. ती पुढे काढण्यात आली. त्यामुळे २००३ आणि २०१३ च्या आकड्यांची थेट तुलना करून शेतकरी वाढले वा घटले असे सांगणाऱ्या लेखांकडे थोडे सावधपणे पाहावे. आमच्याही पानांवर असे लेख आले असतील.

उदाहरणातील घरात शेतकरी किती? सातबारावर चार : आई, दोन भाऊ, बहीण. प्रत्यक्ष रोप लावणी आणि भांगलण करणारे तीन : आई, थोरला आणि त्याची बायको. दोन्ही याद्यांत असणारे दोघेच. सून वर्षातून सहा महिने किंवा अधिक शेतात राबते, म्हणून जनगणनेच्या लेखी ती मुख्य काम करणारी शेतकरी आहे. जमिनीच्या दप्तरात ती कोठेच नाही. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येनंतरच्या मदतीसाठी जी 'पात्र' आणि 'अपात्र' अशी विभागणी होते, तिच्यामागेही व्याख्याच आहे. कर्ज कोणाच्या नावावर, ते कोणत्या संस्थेचे, वसुलीचा तगादा होता का, अशा निकषांवर निर्णय होतो. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या स्वतंत्र रकान्यांत देतो. पोलिसांच्या नोंदीतील आकडा आणि महसूल खात्याचा आकडा यांत तफावत दिसली, की लपवाछपवीचा आरोप होतो. काही वेळा तो खराही असेल. परंतु दोन रकाने मुळातच वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

केंद्राच्या 'ॲग्रिस्टॅक' उपक्रमातून आता शेतकरी ओळख क्रमांक दिला जात आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी तो आवश्यक करण्यात आला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदींना जोडलेला आहे. साहजिकच, अर्धेलीने किंवा खंडाने कसणारा भूमिहीन, आणि ती सून, या व्याख्येच्या बाहेर राहतात. कागदी दप्तरात व्याख्येच्या बाहेर राहिलेल्या माणसाला तलाठ्याशी बोलून काही मार्ग काढता येत असे. संगणकाच्या रकान्याशी बोलता येत नाही.

सिंचनाचे एक दशांश टक्का

व्याख्यांचा गोंधळ राजकारणात किती दूर जाऊ शकतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण २०१२ चे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालावरून असे दिसले, की दहा वर्षांत पिकाखालील एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले. याच काळात सिंचनावर हजारो कोटी रुपये खर्च झाले होते. वादळ उठले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सिंचनाची श्वेतपत्रिका आली आणि तिच्यात वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगण्यात आले. डिसेंबरमध्ये पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले. वर्षअखेरीस डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

गैरव्यवहार झाला की नाही हा स्वतंत्र विषय आहे आणि तो येथे बाजूला ठेवू. ०.१ आणि ५.१७ हे आकडे एकाच राज्याच्या एकाच कालखंडाबद्दल कसे असू शकतात? 'सिंचन' या एका शब्दाखाली निदान चार गोष्टी मोजल्या जातात. निर्मित सिंचन क्षमता म्हणजे प्रकल्प पूर्ण झाल्यावर आराखड्यातील पीकरचनेनुसार जेवढे भिजू शकेल तेवढे क्षेत्र. प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र म्हणजे त्या वर्षी खरोखर भिजलेले. निव्वळ सिंचित क्षेत्रात एक एकर एकदाच धरतात. एकूण सिंचित क्षेत्रात तोच एकर खरीप आणि रब्बी दोन्ही हंगामांत भिजला तर दोनदा. विहिरींचे पाणी कोणत्या आकड्यात धरले आणि कोणत्यात नाही, हा पाचवा प्रश्न. शिवाय प्रमाण काढताना छेदस्थानी एकूण पीकक्षेत्र आहे की लागवडीयोग्य जमीन, यावरून टक्केवारी पार बदलते.

आजऱ्यात हे डोळ्यांनी पाहता येते. चित्री धरणाचे पाणी हिरण्यकेशीत येते, नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि शेतकरी उपसा करून पाणी वर नेतात. आराखड्यात हंगामी पिके धरलेली असतील आणि प्रत्यक्षात ऊस लागला, तर तेवढ्याच पाण्यात भिजणारे क्षेत्र कमी होते. क्षमता कागदावर तीच राहते. तालुक्याची ओळख असलेला आजरा घनसाळ तांदूळ, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो तर मुख्यतः पावसावरचा. जलसंपदा खात्याच्या तक्त्यात लाभक्षेत्राच्या आत असलेले एखादे खाचर कृषी खात्याच्या तक्त्यात जिरायत असू शकते, आणि दोन्ही तक्ते आपल्या परीने खरे असतात.

वनाचे प्रकरण थोडक्यात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून एक हेक्टरहून मोठे आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असलेले सर्व क्षेत्र वनाच्छादन म्हणून धरते, मालकी कोणाचीही असो. आजऱ्यातील काजूची दाट बाग त्यात सहज बसते. वनखात्याच्या दप्तरात वन म्हणजे अधिसूचित जमीन, तीवर झाड असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात वन शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला. २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर वाद पुन्हा उभा राहिला, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने तोच अर्थ पाळण्यास सांगितले.

अर्थस्तर म्हणजे काय?

संगणकात माहिती तक्त्यांच्या रूपात साठवलेली असते. वरच्या टोकाला अहवाल, आलेख आणि साहेबांच्या टेबलावरची आकडेवारी असते. पूर्वी प्रत्येक अहवाल करणारा कर्मचारी खालच्या तक्त्यांतून आपल्या समजुतीने आकडा काढत असे. अर्थस्तर या दोहोंच्या मध्ये बसतो. 'शेतकरी कुटुंब' म्हणजे कोणत्या तक्त्यातील कोणत्या नोंदी, कोणत्या वगळायच्या, बेरीज कशाची करायची, हे तेथे एकदाच लिहून ठेवलेले असते आणि सर्व अहवाल तेथूनच आकडा घेतात.

कल्पना नवी नाही. १९९० मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या बिझनेस ऑब्जेक्ट्स कंपनीने आपल्या आज्ञावलीत 'युनिव्हर्स' नावाने असा स्तर आणला होता. ही कंपनी पुढे जर्मनीच्या सॅपने घेतली. व्यवहाराची घोषणा २००७ मध्ये झाली. लुकर या कंपनीने व्याख्या लिहिण्यासाठी स्वतंत्र भाषाच तयार केली आणि गूगलने तिला २०२० मध्ये आपल्यात सामावून घेतले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये पॉवर बीआयमधील माहितीसंचांचे नावच बदलून 'सिमँटिक मॉडेल' केले.

या क्षेत्रात प्रदीर्घ काळ 'सत्याची एकच आवृत्ती' ही घोषणा चालली. राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात त्याला व्यवहार्य रूप दिले : दिनांक, ठिकाण, वस्तू यांसारख्या समान बाबी सर्व विभागांनी एकसारख्या वापराव्यात. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये दुसरी बाजू मांडली. एकाच शब्दाचा अर्थ वेगवेगळ्या कार्यक्षेत्रांत वेगळा असणारच. हद्द आखावी आणि हद्दीच्या आत अर्थ पक्का ठेवावा. आज जाणकार मंडळी या दोहोंची सांगड घालतात. ठिकाण, दिनांक, व्यक्ती हा पाया सामाईक. त्यावरील व्याख्या खातेनिहाय.

प्रत्यक्षात हे असे होते. अर्थस्तरात नुसता 'कुटुंब' हा शब्द ठेवतच नाहीत. 'कुटुंब - शिधापत्रिका', 'कुटुंब - पीएम-किसान', 'कुटुंब - भूसंपादन २०१३' अशी पूर्ण नावे देतात. विशेषणाशिवाय कोणी विचारले तर यंत्रणेने आकडा न देता 'कोणते?' असे विचारावे, हे उत्तम. प्रत्येक व्याख्येसोबत तिची मालकी कोणत्या खात्याकडे, ती कोणत्या कायद्यातून वा शासन निर्णयातून आली, मोजणीचा घटक काय (माणूस, चूल, की खाते) आणि ती कोणत्या तारखेपासून लागू, हे नोंदवावे लागते. मराठीत 'खाते' या शब्दाचेच तीन अर्थ आहेत, शासनाचे, जमिनीचे आणि बँकेचे, हे पाहता मोजणीचा घटक लिहिण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सर्वांत किचकट काम पुढे असते : व्याख्यांमधील पूल. व्यक्ती कोणत्या शिधापत्रिकेवर, कोणत्या सातबारावर, कोणत्या पती-पत्नीच्या घटकात, अशा जोडण्यांचे स्वतंत्र तक्ते करावे लागतात. पाया व्यक्ती ठेवला तर त्यावरून चूल, खाते, पती-पत्नी असे कोणतेही कुटुंब बांधता येते. पाया शिधापत्रिका ठेवली तर तीमधून भूसंपादनाचे कुटुंब पुन्हा काढता येत नाही. अनेक संगणकीकरण प्रकल्प येथेच फसतात, कारण पहिल्या वर्षी ज्या योजनेसाठी काम सुरू झाले तिची व्याख्याच पाया होऊन बसते. व्यक्तीचा पाया ठेवण्यात खासगीपणाचा धोका आहेच. सर्व नोंदी एका माणसाला जोडल्या की कोण काय पाहू शकतो, याचे नियम आधी ठरलेले हवेत.

व्याख्या बदलली तर जुनी पुसायची नाही, हा दुसरा नियम. जुन्या व्याख्येला शेवटची तारीख लावायची, नव्या व्याख्येला सुरुवातीची. २००३ आणि २०१३ च्या शेतकरी कुटुंबांची तुलना मागणाऱ्याला मग यंत्रणाच सांगू शकते, की दोन्ही वर्षांत एकच गोष्ट मोजलेली नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या पुस्तिका पाहिल्या, तर तक्त्यांखाली बारीक अक्षरांत आधार आणि टिपा दिलेल्या दिसतात. अर्थस्तराचे काम जुन्या काळी त्या टिपा करीत. अडचण एवढीच, की आकडा तक्त्यातून उचलून भाषणात किंवा बातमीत गेला की टीप मागेच राहते.

या विषयाची निकड अलीकडे वाढली ती कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. 'आजरा तालुक्यात शेतकरी किती?' असे साध्या मराठीत विचारून उत्तर मिळण्याची सोय आता झाली आहे. खाली व्याख्या बांधलेल्या नसतील तर यंत्र त्यांपैकी एक निवडते, कोणती निवडली ते सांगत नाही, आणि उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देते. पूर्वी अशा प्रश्नावर तहसील कचेरीतील अनुभवी कारकून चष्म्यावरून पाहत 'कशासाठी पाहिजे?' असे विचारत असे. तो उलट प्रश्न त्रासदायक वाटे, पण बरोबर होता.

शहर की गाव?

खुद्द आजरा गावाचीही अशीच गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी येथे ग्रामपंचायत होती. नंतर नगरपंचायत झाली आणि तिची पहिली निवडणूक एप्रिल २०१८ मध्ये झाली. नगरपंचायत असलेले प्रत्येक ठिकाण जनगणनेच्या नियमाने आपोआप शहर ठरते. एरवी शहर ठरण्यासाठी किमान ५ हजार लोकसंख्या, ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेर आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता, या तीन अटी लागतात. ग्रामविकास खात्याच्या याद्यांतून येथील घरे गेली आणि नगरविकास खात्याच्या याद्यांत आली. ग्रामीण भागापुरत्या असलेल्या योजनांची दारे बंद झाली, नागरी योजनांची उघडली. शेत, गोठा, नदी जागच्या जागीच आहेत.

पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. तिचे आकडे येतील तेव्हा आजरा तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या २०११ च्या मानाने घटलेली दिसण्याची शक्यता आहे. त्या घटीतील मोठा भाग मुंबई-पुण्याला गेलेल्यांचा नसेल, तर आहे तेथेच राहिलेल्या नगरपंचायत हद्दीतील रहिवाशांचा असेल.